पँथिऑन : दगडावरचा लेख आणि विटांची साक्ष

इतिहास म्हणजे राजांच्या नावांची आणि सनावळींची जंत्री, असा आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. परीक्षेपुरते पाठ करावे आणि पेपर संपला की विसरून जावे! पालकांनाही वाटते की, मुलाचे गणित व विज्ञान पक्के झाले म्हणजे पुरे. इतिहासाने कोणाचे पोट भरले आहे? परंतु वाचकहो, ज्याला इतिहास स्वतः वाचता येत नाही, त्याला तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. आणि ऐकीव इतिहासाने माणसामाणसांत किती वैर पडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातही प्रार्थनास्थळांचा इतिहास हा फारच नाजूक विषय. अमुक जागी आधी काय होते, ते कोणी घेतले, कोणी मोडले, कोणी बांधले, हे प्रश्न निघाले की शांत माणसाचाही आवाज चढतो.

म्हणून आज मी आपणांस दूरच्या एका इमारतीत घेऊन जाणार आहे. ती इटलीची राजधानी रोम येथे आहे. ती एकेकाळी रोमनांचे देवालय होती, पुढे ख्रिस्ती चर्च झाली आणि आजही चर्चच आहे. तिचे नाव पँथिऑन. तेथे आपला कोणाचाच दावा किंवा अभिमान गुंतलेला नाही. त्यामुळे प्रार्थनास्थळाचा इतिहास कसा वाचावा, हा धडा तेथे थंड डोक्याने घेता येईल.

चला तर मग. आपण रोमच्या जुन्या वस्तीतील एका चौकात उभे आहोत. चौकाच्या मध्यभागी कारंजे असून त्यावर इजिप्तहून आणलेला, फारो दुसरा रामसेस याच्या काळचा दगडी स्तंभ उभा आहे. समोर पँथिऑनची भव्य देवडी दिसते. तिला ग्रॅनाइटचे १६ खांब आहेत. प्रत्येक खांब अखंड दगडाचा, सुमारे ३९ फूट उंच आणि अंदाजे ६० टन वजनाचा. हा ग्रॅनाइट इजिप्तच्या वाळवंटातील खाणींतला. तेथून तो नाईल नदीपर्यंत ओढत आणायचा, मग नावेतून समुद्रापर्यंत, मग जहाजातून भूमध्य समुद्र ओलांडून इटलीला आणि शेवटी टायबर नदीतून रोमला! वाफेचे यंत्र नव्हते, क्रेन आजच्यासारखी नव्हती. होते ते फक्त माणसांचे आणि जनावरांचे बळ. सम्राटांची नावे आपण पाठ करतो, पण हे दगड ओढणाऱ्या हातांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

आता मान वर करून देवडीच्या कपाळपट्टीवर पाहा. मोठ्या ठसठशीत अक्षरांत लॅटिन लेख आहे. त्याचा अर्थ असा : ल्यूशियसचा पुत्र मार्कस अग्रिपा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधले. अग्रिपा हा पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा जिवलग सहकारी व सेनापती. त्याचे तिसरे कॉन्सलपद इसवी सनापूर्वी २७ सालचे. म्हणजे प्रश्न मिटला! इमारत अग्रिपाची, तिचा काळ इसवी सनापूर्वीचा. दगडावर कोरलेला पुरावा, आणखी काय पाहिजे? शतकानुशतके विद्वानही बहुधा असेच मानत आले.

पण १८९२ साली जॉर्ज शेदान नावाच्या एका फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाने या इमारतीची बारकाईने तपासणी केली. गिलाव्याआड लपलेल्या विटा त्याने काढून पाहिल्या. रोमन वीटभट्ट्यांत विटा ओल्या असतानाच त्यांवर शिक्का उठवण्याची पद्धत होती. त्या शिक्क्यांत भट्टीच्या मालकाचे नाव असे आणि काहींत त्या वर्षीच्या कॉन्सलांचीही नावे असत. शेदानला सापडलेले शिक्के अग्रिपाच्या काळचे नव्हतेच. ते त्याच्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी झालेल्या सम्राट हेड्रियनच्या काळचे होते! पुढील संशोधकांनी आणखी विटा तपासल्या. आता असे मानतात की, अग्रिपाचे मूळ देवालय इसवी सन ८० मधील मोठ्या आगीत जळाले. सम्राट डोमिशियनने ते दुरुस्त केले. ११० मध्ये वीज पडून ते पुन्हा जळाले. आणि आज दिसते ती इमारत सम्राट ट्रेजनच्या कारकिर्दीच्या अखेरीस सुरू होऊन हेड्रियनच्या काळात, १२५ च्या सुमारास पुरी झाली.

मग दगडावरचा लेख खोटा म्हणायचा काय? नाही. हेड्रियनने नव्या इमारतीवर स्वतःचे नाव न घालता मूळ बांधणाऱ्याचे नाव कायम ठेवले, एवढेच. त्याच लेखाखाली बारीक अक्षरांत दुसरा एक लेख आहे. २०२ साली सेप्टिमियस सेव्हेरस व त्याचा पुत्र कॅराकॅला यांनी इमारतीची डागडुजी केल्याचे तो सांगतो. ज्याने सारी इमारत उभी केली त्याने आपले नाव लिहिले नाही, आणि ज्यांनी डागडुजी केली त्यांनी ते लिहून ठेवले! विद्यार्थी मित्रहो, येथे पहिला धडा घ्या. दगडावर काय लिहिले आहे ते जरूर वाचा. पण तेवढ्यावर थांबू नका, आतल्या विटाही तपासा. लेख सांगतो ते एक असते, आणि मुकी वीट सांगते ते कधी कधी निराळेच असते.

आता आत चला. सुमारे सात मीटर उंचीच्या काशाच्या दरवाजातून आपण एका प्रचंड गोल दालनात येतो. डोक्यावर अर्धगोलाकार घुमट आहे. त्याचा आतला व्यास सुमारे १४२ फूट, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच! भूमितीच्या भाषेत सांगायचे तर या दालनात १४२ फूट व्यासाचा एक पूर्ण गोल बरोबर बसेल. विजापूरचा गोल घुमट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुहम्मद आदिलशहाची ती कबर १६५६ साली पुरी झाली. तिच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे १२४ फूट आहे. त्यावरून कल्पना करा. लोखंडी सळई न घालता केलेल्या काँक्रीटचा एवढा मोठा घुमट, बांधून नऊशे वर्षे झालेला... नव्हे, एकोणीसशे वर्षे झालेला, जगात दुसरा नाही.

तो इतकी वर्षे टिकला कसा? रोमन गवंडी चुन्यात ज्वालामुखीची राख कालवीत. त्यामुळे मिश्रण दगडासारखे घट्ट होई. शिवाय त्यांनी एक युक्ती केली. घुमटाच्या पायथ्याशी काँक्रीटमध्ये जड दगडाचे तुकडे घातले, वर जाताना हलका दगड व विटांचे तुकडे, आणि अगदी माथ्याजवळ पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र ज्वालामुखी दगड. घुमटाची जाडीही खाली सुमारे २० फूट, तर वर अवघी ४ फूट. आतल्या बाजूस चौकोनी खोलगट घरांच्या पाच रांगा आहेत, प्रत्येक रांगेत २८. त्यांनीही वजन कमी होते. आणि माथ्यावर चक्क भोक! २७ ते ३० फूट व्यासाचे हे गोल भोक उघडे आहे. या दालनाला खिडकी नाही. दरवाजाखेरीज सारा उजेड येथूनच येतो. सूर्य सरकतो तसा उजेडाचा झोत भिंतींवरून फिरत राहतो. पाऊस आला की पाणी थेट आत पडते. फरशीला किंचित फुगवटा असून तिच्यात बारीक छिद्रे आहेत, त्यांतून ते वाहून जाते. गणित आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलाने इतिहास का वाचावा, याचे उत्तर या घुमटाखाली उभे राहिले की मिळते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे देवालय चर्च कसे झाले?

चौथ्या शतकात रोमन सम्राटांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ३९१-९२ मध्ये सम्राट थिओडोशियसने जुन्या देवतांची पूजा बंद करण्याचे हुकूम काढले. रोमची देवालये ओस पडली. पण ओस पडलेली इमारत आणि शत्रूच्या हाती पडलेली इमारत यांत पहिलीचेच हाल अधिक होतात. लोक तिचे दगड काढून नेतात, संगमरवर भट्टीत जाळून त्याचा चुना करतात. रोमच्या फोरममधील कित्येक देवालये अशीच नाहीशी झाली. आज त्यांचे दोन-तीन खांब उभे दिसतात, एवढेच. पँथिऑन वाचले, कारण त्यात पुन्हा माणसे प्रार्थनेला येऊ लागली. सम्राट फोकासने ते पोप चौथा बोनिफेस याला दिले, आणि ६०९ साली १३ मे रोजी ते बीबी मरियम व ख्रिस्ती हुतात्मे यांच्या नावाने चर्च म्हणून उघडण्यात आले. रोम शहरात जुन्या धर्माचे देवालय चर्च झाल्याचे हे पहिले ज्ञात उदाहरण.

वाचकहो, या सनाकडे जरा नीट पाहा. ६०९! पुढच्याच वर्षी, ६१० मध्ये, मक्केजवळ हिराच्या गुहेत रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यावर पहिली वही उतरली. त्याच ६१० मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे हेराक्लियसने फोकासला पदच्युत करून ठार केले आणि तो स्वतः सम्राट झाला. हा हेराक्लियस म्हणजेच आपल्या हदीसग्रंथांतील ‘हिरक्ल’, ज्याच्याकडे रसूलुल्लाहंनी इस्लामचे निमंत्रण देणारे पत्र पाठविले होते. कुरआन शरीफातील तिसाव्या सूरहचे नावच ‘अर्-रूम’ आहे. रोमनांचा पराभव आणि त्यानंतर येणारा त्यांचा विजय यांचा उल्लेख तिच्या आरंभी येतो. इराण्यांनी ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले आणि पुढे हेराक्लियसने ६२७-२८ मध्ये इराणवर विजय मिळविला, हा तोच काळ. दुरून परके वाटणारे पँथिऑन आणि आपण लहानपणापासून पाठ करीत आलेली सूरह या दोन गोष्टी एकाच काळातल्या, एकाच साम्राज्याच्या कहाणीशी बांधलेल्या आहेत.

आता दुसरा धडा. चर्च झाल्यावर या इमारतीला लुटले कोणी? आपण चटकन म्हणू, परधर्मीयांनी. नाहीतर उत्तरेकडून आलेल्या रानटी टोळ्यांनी. विटा काय सांगतात ते पाहा. ६६३ साली हेराक्लियसचा नातू, ख्रिस्ती सम्राट दुसरा कॉन्स्टन्स, रोमला पाहुणा म्हणून आला. तो तेथे बारा दिवस राहिला आणि जाताना या चर्चच्या छतावरील काशाचे पत्रे काढून घेऊन गेला! पुढे आठव्या शतकात पोपने छतावर शिशाचे पत्रे घातले. त्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी, १६२५ च्या सुमारास, बार्बेरिनी घराण्यातील पोप आठवा अर्बन याने देवडीच्या छतातील प्राचीन कासे काढविले; त्यातील बहुतेक सान्त आन्जेलो किल्ल्याच्या तोफा ओतण्यात गेले. रानटी टोळ्यांना जे सुचले नाही ते बार्बेरिनींनी केले, अशा अर्थाची कोटी तेव्हा रोमच्या लोकांनी केली आणि ती आजतागायत सांगितली जाते. म्हणजे सर्वांत मोठी नासधूस ज्यांनी केली, ते या चर्चमध्ये त्याच धर्माची प्रार्थना करणारे होते. आणि हेही खरे की, तिची राखण शतकानुशतके केली तीही त्याच धर्माच्या लोकांनी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपविणे हा इतिहास नव्हे; ती वकिली होय.

दुसऱ्याच्या घरचा हिशेब असा काटेकोर मागितला, तर स्वतःच्या घरचाही दिला पाहिजे. रोमन देवालयाची दुसरी एक कहाणी आपल्याशी थेट संबंधित आहे. दमास्कस येथे ज्युपिटर या रोमन देवतेचे मोठे देवालय होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्या आवारात हजरत याह्या अलैहिस्सलाम, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे संत जॉन, यांच्या नावाचे चर्च झाले. ६३५ च्या सुमारास मुसलमानांनी दमास्कस जिंकले. अरबी इतिहासकार सांगतात की, त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे त्याच आवारात ख्रिस्ती व मुसलमान दोघेही प्रार्थना करीत होते. ७०६ मध्ये खलिफा वलीदने ते चर्च पाडून तेथे भव्य उमय्या मशीद बांधली. ती आजही उभी आहे आणि हजरत याह्यांचे स्थान तिच्या आत आहे.

पण कहाणी येथे संपत नाही, आणि पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. ७१७ मध्ये हजरत उमर बिन अब्दुल अजीज खलिफा झाले. दमास्कसच्या ख्रिस्ती लोकांनी त्यांच्याकडे फिर्याद नेली की, आमचे चर्च वलीदने आमच्या संमतीशिवाय घेतले. नवव्या शतकातील मुस्लिम इतिहासकार बलाजुरी याने नमूद केले आहे की, खलिफांनी फिर्याद ऐकून घेतली आणि ती जागा परत देण्याचा हुकूमही दिला. शहरातील मुसलमान या निर्णयाने नाराज झाले. अखेर दोन्ही बाजूंत समेट झाला : दमास्कसच्या परिसरातील, गूता भागातील, ताब्यात घेतलेली चर्चे ख्रिस्ती लोकांना परत मिळाली आणि त्यांनी मशिदीच्या जागेवरचा दावा सोडला. खलिफांनी असे म्हटले नाही की, ‘जे झाले ते झाले, आता आमची सत्ता आहे.’ फिर्यादी परधर्मीय होते, प्रतिवादी पक्षात स्वतःचेच पूर्वसुरी होते, तरी त्यांनी फिर्याद ऐकली.

याच्याही आधीची, जेरुसलेमची हकीकत आपणांस ठाऊक असेल. ती दहाव्या शतकातील एका ख्रिस्ती धर्मगुरूने, अलेक्झांड्रियाच्या युटिकियसने, लिहून ठेवली आहे. हजरत उमर रजिअल्लाहु अन्हु जेरुसलेमला आले असता नमाजाची वेळ झाली. तेव्हा तेथील धर्मगुरू सोफ्रोनियस यांनी त्यांना पवित्र कबरीच्या चर्चमध्येच नमाज पढण्यास सांगितले. हजरत उमरनी नकार दिला आणि बाहेर पायऱ्यांवर नमाज अदा केली. कारण, ‘उद्या मुसलमान म्हणतील, येथे उमरने नमाज पढली, आणि ही जागा तुमच्याकडून घेतील.’ हा वृत्तांत घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिला गेला. शब्दन् शब्द तसाच घडला असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणणार नाही. पण एका ख्रिस्ती लेखकाला मुसलमान खलिफाची अशी आठवण लिहून ठेवावीशी वाटली, ही गोष्ट तर कागदावर आहे.

पुन्हा पँथिऑनकडे वळू या. आज तेथे काय आहे? १५२० साली निधन पावलेला थोर चित्रकार राफेल याची कबर तेथे आहे. एकसंध इटलीचा पहिला राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल आणि त्याचा पुत्र उम्बेर्तो पहिला यांच्याही कबरी आहेत. ते अजूनही चर्च आहे आणि तेथे प्रार्थना होते. जगभरातील प्रवाशांची तेथे एवढी गर्दी होते की, २०२३ च्या जुलैपासून प्रवेशासाठी तिकीट लावण्यात आले. ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणाला घुमटाच्या भोकातून गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव करतात. ज्या वाटेने पाऊस आणि ऊन येते, त्याच वाटेने पाकळ्या येतात. रोमन देवतांच्या मूर्ती नाहीत, छतावरचे कासे नाही. पण घुमट तोच, भोक तेच आणि अग्रिपाचे नावही तेच. चर्च करणाऱ्यांनी जुन्या धर्माच्या माणसाचे नाव चौदाशे वर्षांत छिन्नी लावून पुसून टाकले नाही, याचीही नोंद घ्यायला हवी.

पालकहो, एवढ्या दूरची ही सहल मी आपणांस का घडविली, हे आता ध्यानात आले असेल. आपल्या गावोगावच्या जुन्या मशिदींवर, दर्ग्यांवर, किल्ल्यांच्या दरवाजांवर फारसी व अरबी शिलालेख आहेत. अनेक घरांत इनामाचे, वक्फाचे, वतनाचे कागद मोडी लिपीत बांधून ठेवलेले आहेत. आपल्या मुलांपैकी किती जणांना ते वाचता येतात? ज्या दगडाखालून आपण रोज ये-जा करतो, त्यावर काय लिहिले आहे हे आपणच जाणत नसू, तर उद्या कोणी तिऱ्हाईत येऊन काहीही सांगेल आणि आपल्याला ते मानावे लागेल, नाहीतर नुसते रागवावे लागेल. यांपैकी काहीच शोभणारे नाही.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी डॉक्टर, इंजिनिअर होवो, ही दुआ आपण जरूर करू या. पण प्रत्येक मोहल्ल्यातून एखाद्या तरी मुलाने वा मुलीने इतिहास घ्यावा, फारसी शिकावी, मोडी शिकावी, शिलालेखांचे ठसे घ्यायला शिकावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही हा मार्ग धराल तेव्हा एक पथ्य पाळा. आपल्या बाजूचा पुरावा सापडला म्हणून हुरळू नका, विरुद्ध बाजूचा सापडला म्हणून लपवू नका. गिलाव्यामागची वीट काढून पाहा आणि तिच्यावरचा शिक्का जो असेल तोच मोठ्याने वाचा. साक्ष देताना ती स्वतःविरुद्ध जात असली तरी सत्यावर उभे राहावे, ही शिकवण आपल्याला कोणी परक्याने दिलेली नाही. ती आपल्याच घरची आहे.